ससाण्याचा संकर आणि कायदा

कोल्हापूर संस्थानात चित्तेखाना होता. शिकवलेले चित्ते काळविटांमागे धावत. देशी चित्ता दुर्मीळ झाल्यावर विसाव्या शतकाच्या सुरुवातीला आफ्रिकेतून चित्ते आणले गेले. अशा शिकारीत प्राण्याला किती त्रास होतो, हा प्रश्न मात्र राहतोच.

आज शिकारीसाठी पाळल्या जाणाऱ्या ससाण्यांच्या बाबतीतही असाच प्रश्न उभा आहे, आणि त्यात संकराची भर पडली आहे. 1971 मध्ये आयर्लंडमध्ये एकत्र ठेवलेल्या बहिरी आणि सेकर या दोन जातींच्या ससाण्यांना पिल्लं झाली, तीही न ठरवता. पुढे कृत्रिम रेतनाने केलेला असा संकर आखाती देशांच्या बाजारासाठी मोठा धंदा झाला. उत्तर ध्रुवाकडच्या गिर ससाण्याचा आकार आणि बहिरीचा वेग एकाच पक्ष्यात हवा असतो. पण असा पक्षी निसटून रानातल्या जातीशी जुगला, तर त्या जातीचं जनुकीय शुद्धपण बिघडतं. मला हा धोका सर्वांत गंभीर वाटतो. जर्मनीने 2005 मध्येच या पैदाशीवर निर्बंध आणले.

आपल्याकडे 1972 च्या वन्यजीव कायद्याने शिकारीवर कडक निर्बंध आणले. 1960 चा क्रूरता प्रतिबंधक कायदा पक्ष्याला हालचाल करता येणार नाही अशा अरुंद पिंजऱ्यात ठेवणं गुन्हा मानतो. वन्यजीव कायद्याच्या 2022 च्या दुरुस्तीने ‘साइट्स’ या आंतरराष्ट्रीय व्यापार कराराच्या यादीतल्या विदेशी प्राण्यांची नोंदणी, आणि त्यातल्या परिशिष्ट 1 मधल्या प्राण्यांच्या पैदाशीसाठी परवाना सक्तीचा केला.

जखमी ससाणा दिसला, तर घरी पाळू नका. वनविभागाच्या 1926 या क्रमांकावर कळवा.