पुस्तकांच्या दुकानांतील यांत्रिक गणती

जून महिना उजाडला म्हणजे नारायण पेठेंतून अप्पा बळवंत चौकाकडे जाणाऱ्या वाटेवर छत्र्यांची दाटी होते. हातांत शाळेची यादी घेऊन पालक एका दुकानाची पायरी उतरतात आणि दुसऱ्याची चढतात. "गणित, भाग दुसरा आहे काय?" "संपला, उद्यां पाहा." कधीं कधीं तो संपलेला नसतोच. माळ्यावरच्या गठ्ठ्यांत तो पडलेला असतो, पण विक्रेत्यास तें ठाऊक नसतें. गोष्ट लहान खरी. परंतु दोन बसगाड्या बदलून, भिजत आलेल्या आईस ती लहान वाटत नाहीं. म्हणून मालाची गणती यंत्राकडे सोंपविण्याच्या पद्धतीची थोडी ओळख वाचकांस करून देण्याचें आम्हीं योजिलें आहे.

योसेफानें मिसर देशांत इतकें धान्य सांठविलें कीं, शेवटीं मोजणेंच सोडून दिलें, असें पवित्र शास्त्रांत सांगितलें आहे. किरकोळ व्यापाऱ्यास ही चैन परवडत नाहीं. त्याचीं जुनीं साधनें दोन: सांठ्याची वही आणि जुन्या नोकराची स्मरणशक्ति. वही रात्रीं लिहावयाची, आणि ज्या दिवशीं गिऱ्हाईक अधिक त्याच दिवशीं ती लिहावयाची राहून जाते.

नव्या पद्धतीचें मूळ पुस्तकाच्या मलपृष्ठावरील उभ्या काळ्या रेघांत आहे. अमेरिकेंत वुडलंड व सिल्व्हर या दोघांस इ. स. १९५२ मध्यें अशा खुणांच्या कल्पनेचें पेटंट मिळालें. पण आजच्या रूपांतील रेघा वाचून पहिली विक्री झाली ती ता. २६ जून १९७४ रोजीं, ओहायोंतील ट्रॉय या गांवीं, आणि तीही च्युइंग गमच्या एका पुडक्याची! पुस्तकावरील रेघांखालीं जो आंतरराष्ट्रीय क्रमांक असतो तो इ. स. २००७ पासून तेरा आंकडी झाला आहे. त्यांतील शेवटचा आंकडा केवळ पडताळ्यासाठीं असतो. विद्यार्थ्यांनीं घरचें एखादें पुस्तक घेऊन पाहावें. पहिला आंकडा एकपट, दुसरा तिप्पट, तिसरा एकपट, चौथा तिप्पट, या क्रमानें तेराही आंकड्यांची बेरीज करावी. तिला दहानें निःशेष भाग जातो. एक आंकडा जरी चुकीचा वाचला गेला तरी भाग जात नाहीं, आणि यंत्र तो क्रमांक नाकारतें. ज्या पुस्तकावर असा क्रमांक नसेल त्यावर दुकानदार आपली चिठ्ठी डकवितो.

माल आला कीं संगणकांत जमा, पावती फाडली कीं वजा. बाकी क्षणोक्षणीं तयार. ठेवण्याची जागाही नोंदलेली असली तर माळ्यावरचा गठ्ठा दृष्टीआड होत नाहीं. समजा, एका पुस्तकाच्या रोज ८ प्रती खपतात व नवा माल यावयास ५ दिवस लागतात. तेव्हां ४० प्रती हाताशीं हव्यात. अडीअडचणीस आणखी १० धरल्या तर शिल्लक ५० वर येतांच यंत्र मागणीची सूचना देतें.

दुकानदाराचा खरा लाभ मात्र आमच्या मतें निराळाच आहे. न खपणारा माल कोणता, हें त्यास वेळेवर कळतें. इ. स. २०१८ मध्यें दहावीचीं पाठ्यपुस्तकें बदललीं. अशा वेळीं जुन्या मार्गदर्शिका रद्दीच्या मोलाच्या होतात. ज्याला मार्चमध्येंच आपली शिल्लक दिसते तो नवी मागणी आवरतो, उरलेला माल परत पाठवितां येत असेल तर पाठवितो, व तो पैसा जूनच्या खरेदीस मोकळा होतो. लहान दुकानांत हाच पैसा नोकरांचा पगारही असतो.

यंत्रास सर्वच दिसतें असें मात्र नाहीं. ओलीनें खराब झालेली प्रत, चोरीस गेलेली प्रत, गडबडींत पावतीवांचून दिलेली प्रत त्याच्या हिशेबीं दुकानांतच असते. त्यासाठीं वर्षांतून एकदां तरी फडताळें रिकामीं करून हातानें मोजणी करावीच लागते. संगणकाची बाकी व हातची मोजणी यांत फरक निघाला कीं, तो कोठें पडला याचा शोध जुन्या नोकरासच विचारून घ्यावा लागतो.