एका गाडीत चौघांचा माल : बचत किती, अडचणी किती?

मांडवा, चोंढी, किहीम, सासवणे, आवास या पट्ट्यात बंगल्यांची बांधकामे वाढली, तसे सुतार, गादीवाले, वीजकाम करणारे, काच-आरसेवाले आणि हार्डवेअरचे दुकानदार यांचे कामही वाढले. पण यांपैकी बहुतेकांचा माल आजही मुंबईहूनच येतो. बिजागऱ्या, कड्या व हत्यारे नागदेवीतून, वायर व स्विच लोहार चाळीतून, पडद्याचे कापड मंगळदास मार्केटमधून. हवा स्वच्छ असली की मांडव्याच्या धक्क्यावरून मुंबई समोर दिसते. मात्र पेण-वडखळमार्गे गाडी आणायची तर सुमारे 110 किलोमीटरचा फेरा पडतो.

या फेऱ्यासाठी प्रत्येक जण आपला स्वतंत्र टेम्पो करतो. तो येताना अर्धा भरलेला असतो आणि जाताना बहुधा रिकामा जातो. भाडे मात्र पूर्ण गाडीचे द्यावे लागते. मालावर जो नफा सुटायचा, त्यातला मोठा भाग या भाड्यात जातो. मग चौघांनी मिळून एकच गाडी का करू नये, असा प्रश्न कोणालाही पडेल. विचार चांगला आहे. पण ही योजना जिथे जिथे झाली तिथे ती कशी चालली आणि कुठे अडली, हे आमच्या व्यापारी व कारागीर बांधवांनी आधी समजून घ्यावे, म्हणून हा लेख.

आधी हिशेब

खालील आकडे केवळ समजण्यापुरते धरले आहेत. समजा, छोट्या टेम्पोचे मुंबई ते चोंढी भाडे 5,000 रुपये आहे. चौघांनी चार टेम्पो केले तर 20,000 रुपये होतात. त्याऐवजी चौघांचा माल मावेल अशी मोठी गाडी 9,000 रुपयांत मिळाली. पण माल एका ठिकाणी गोळा करणे, वेगळा करणे व पुन्हा भरणे यासाठी माणशी 500 रुपये हमाली आली. चोंढीहून प्रत्येकाच्या दुकानापर्यंत नेण्यास आणखी 400 रुपये लागले. एकूण खर्च 12,600 रुपये झाला, म्हणजे 7,400 रुपये वाचले.

आता समजा, त्या दिवशी दोघांचाच माल होता. वेगवेगळे आणले असते तर 10,000 रुपये लागले असते. एकत्र आणल्यावर 9,000 अधिक 1,000 अधिक 800, म्हणजे 10,800 रुपये लागले. बचत राहिली बाजूला, 800 रुपये अंगावर आले. एकत्र वाहतुकीचे मर्म इथेच आहे. गाडी भरली तरच फायदा होतो, आणि गाडी रोज भरेल याची खात्री कोणी देत नाही.

जर्मनीतील शहरांचा अनुभव

हा प्रयोग जर्मनीत 1990 च्या दशकात अनेक शहरांत झाला. जुन्या शहरांच्या अरुंद गल्ल्यांत एकाच दुकानापुढे दिवसभरात अनेक कंपन्यांच्या गाड्या येत. म्हणून वाहतूकदारांनी माल एकत्र करून कमी गाड्यांत पोहोचवावा, असे ठरले. फ्रायबुर्ग शहरात काही वाहतूकदार शहरातला आपला माल एका भागीदाराच्या गोदामात नेऊन देत आणि पुढे तोच सर्वांचा माल वाटत असे. तिथे महिन्याच्या गाड्यांच्या फेऱ्या 440 वरून 295 वर आल्या. ग्राहकांची व मालाची संख्या मात्र तेवढीच राहिली. कासेल शहरातही 1994 मध्ये अशीच योजना सुरू झाली.

इतके होऊनही त्या काळातील बहुतेक योजना पुढील दशकात बंद पडल्या. गाड्या कमी झाल्याचा लाभ शहराला मिळत होता, पण माल दोनदा चढवण्या-उतरवण्याचा खर्च वाहतूकदाराच्या माथी पडत होता. एकत्र करण्याजोगा मालही पुरेसा जमत नसे, कारण मोठ्या पार्सल कंपन्यांच्या गाड्या आधीच भरलेल्या असत आणि त्यांना दुसऱ्याची गरज नव्हती. शिवाय आपल्या ग्राहकाच्या दारात प्रतिस्पर्ध्याचा माणूस जावा, हे कोणालाच आवडत नसे.

बर्लिनमध्ये 2018 साली पाच मोठ्या पार्सल कंपन्यांनी एकच आवार वापरून मालवाहू सायकलींनी पार्सले वाटण्याचा प्रयोग केला. आवार एक होते, पण प्रत्येक कंपनीचा कंटेनर वेगळा आणि सायकलीही वेगळ्या. जागा वाटून घेणे जमले, ग्राहक वाटून घेणे जमले नाही.

आपल्याकडे गाडी कुठे अडेल?

पहिली अडचण विश्वासाची आहे. एकाच गाडीत दोन हार्डवेअरवाल्यांचा माल आला की कोणी कोणत्या पेढीतून काय आणले व कोणत्या भावाने आणले, हे दुसऱ्याला कळते. म्हणून एकाच धंद्यातील चौघांपेक्षा वेगवेगळ्या धंद्यांतील चौघे एकत्र आले तर निभाव लागणे सोपे जाते. सुतार, गादीवाला, वीजवाला आणि भांडीवाला यांचे ग्राहक एकमेकांवर पडत नाहीत.

दुसरी अडचण वेळेची. एकाची वायर सकाळी तयार असते, दुसऱ्याचे कापड संध्याकाळी मिळते. एकासाठी तिघे थांबले की बंगल्यावर आलेल्या कारागिराचा रोज बुडतो.

तिसरी अडचण मालाच्या जातीची. काच, फोम, रंगाचे डबे आणि लोखंडी पाइप एकाच पद्धतीने रचता येत नाहीत. मुंबईच्या डबेवाल्यांची एकत्र वाहतूक 1890 पासून टिकली, त्याचे एक कारण असे की त्यांचा प्रत्येक नग जवळपास सारखा, वेळ ठरलेली आणि प्रत्येकावर पत्त्याची खूण असते. आपल्या मालाला ही सोय नाही, ती आपल्यालाच करावी लागेल.

चौथी आणि सर्वांत मोठी अडचण जोखमीची. आरसा फुटला किंवा एक नग कमी आला, तर भरपाई कोणी द्यायची? पूर्वी कोकणात एकाच गलबतात अनेक व्यापाऱ्यांचा माल येत असे, तेव्हा जाब विचारायला तांडेल असे. आज टेम्पोवाला म्हणतो, मी फक्त गाडी चालवली. अशाच एका वादावरून चांगले शेजारी एकमेकांशी बोलेनासे होतात.

कायदा काय सांगतो?

नोंदणीकृत वाहतूकदाराकडे माल दिला तर 2007 चा रस्तामार्गे मालवाहतुकीचा कायदा लागू होतो. मालाची जास्त किंमत जाहीर करून जादा दर भरला नसेल, तर त्याची जबाबदारी साधारणतः भाड्याच्या दहापटीपर्यंतच असते. 500 रुपये भाडे भरून 30,000 रुपयांचा आरसा पाठवणाऱ्याने याचा विचार करावा. नुकसानीचा दावा लावायचा असेल तर बुकिंगच्या तारखेपासून 180 दिवसांच्या आत लेखी नोटीस द्यावी लागते. म्हणून बिल्टी जपून ठेवावी.

आपसात गाडी केली तर मात्र जे लिहून ठरवले असेल तेच कामाला येते. प्रत्येकाचे पक्के बिल गाडीसोबत असावे. महाराष्ट्रातल्या महाराष्ट्रात एक लाख रुपयांपेक्षा जास्त किमतीच्या मालाला ई-वे बिल लागते. एका गाडीत अशी अनेक बिले असतील तर वाहतूकदाराला त्यांचे एकत्रित ई-वे बिल करता येते. पण एकाचे कागद अपुरे असले तर गाडी अडते आणि चौघांचा माल रस्त्यात राहतो.

समुद्राचा मार्ग

भाऊचा धक्का ते मांडवा ही वाहने नेणारी रो-रो बोट मार्च 2020 मध्ये सुरू झाली. समुद्रमार्गे अंतर सुमारे 18 किलोमीटर असून प्रवासाला साधारण तासभर लागतो. रस्त्याने यायचे तर जानेवारी 2024 मध्ये खुल्या झालेल्या अटल सेतूमुळे शिवडीहून उरणच्या बाजूला येणे सोपे झाले आहे. आपली गाडी बोटीवर कोणत्या फेरीला व किती भाड्यात घेतली जाते हे आधी विचारून दोन्ही मार्गांचा हिशेब मांडावा. हवामान बिघडले की बोट रद्द होऊ शकते. तेव्हा पावसाळ्यात रस्त्याचे जादा भाडे कोणी द्यायचे, हेही आधीच ठरलेले बरे.

सुरुवात कशी करावी?

आमच्या मते रोजची गाडी करण्याच्या फंदात पडू नये. आठवड्याचा एकच वार ठरवावा आणि मुंबईत माल आणून देण्याची वेळ पक्की करावी. त्या वेळेनंतर आलेला माल पुढच्या आठवड्याच्या गाडीत जाईल, मग तो कोणाचाही असो. प्रत्येक नगावर नाव व क्रमांक घालावा, नग मोजून वहीत सही घ्यावी. गाडी न भरल्यास भाडे कसे वाटायचे आणि नुकसान झाल्यास कोणी किती सोसायचे, हे एका कागदावर लिहून चौघांनी सह्या कराव्यात. वही ठेवणाऱ्याला त्याचा मेहनताना द्यावा, कारण फुकटचे काम फार दिवस चालत नाही.

तीन महिने असे करून मग वही उघडावी. बचत दिसली तर पाचवा माणूस घ्यावा. दिसली नाही तर हिशेब चुकते करून सलोख्याने वेगळे व्हावे. भाड्याचे पैसे पुन्हा कमावता येतात, शेजाऱ्याचा तुटलेला विश्वास जोडायला वर्षे लागतात.