विश्लेषण : घर कोटीचे, खर्च मात्र मोजून! निवृत्तीनंतर सांताक्रूझमध्येच राहावे की घर विकून बाहेर पडावे?

मुंबईत तीस-पस्तीस वर्षे नोकरी केलेल्या मध्यमवर्गीय माणसाची निवृत्तीच्या दिवशी सर्वांत मोठी मालमत्ता कोणती? भविष्यनिर्वाह निधी नव्हे, ग्रॅच्युइटीही नव्हे. राहते घर. सांताक्रूझ पूर्वेला वाकोला, प्रभात कॉलनी किंवा पश्चिमेला एस. व्ही. रोडच्या आसपासच्या जुन्या तीन-चार मजली सोसायट्यांमध्ये अशी अनेक कुटुंबे आहेत. कागदावर ती कोट्यधीश आहेत, पण महिन्याचा खर्च मात्र बँकेच्या व्याजावर बेतलेला. त्यामुळे साठी ओलांडली की घरोघरी एक चर्चा हमखास सुरू होते : इथेच राहायचे, की घर विकून पुणे, नाशिक किंवा कोकण गाठायचे?

मुंबई ज्येष्ठांसाठी खरेच किती महाग?

मर्सर या संस्थेच्या २०२४ च्या राहणीमान खर्चाच्या यादीत जगातील २२६ शहरांमध्ये मुंबई १३६ व्या स्थानी होती आणि भारतातील सर्वांत महाग शहर ठरली होती. पण ही यादी परदेशातून बदली होऊन येणाऱ्या कर्मचाऱ्यांचा खर्च डोळ्यांसमोर ठेवून केलेली असते आणि त्यात घरभाड्याचा वाटा मोठा असतो. ज्याचे घर स्वतःचे आहे आणि कर्ज फिटले आहे, त्याला मुंबई तेवढी महाग पडत नाही. भाजी, दूध, किराणा यांच्या दरांत मुंबई आणि पुण्यात जमीन-अस्मानाचा फरक नाही. फरक पडतो तो घरकाम करणाऱ्या मावशींच्या पगारात, रुग्णसेवेसाठी ठेवलेल्या माणसाच्या दिवसाच्या दरात आणि सोसायटीच्या देखभाल शुल्कात.

एक दिलासाही आहे. मुंबई महापालिका हद्दीतील ५०० चौरस फुटांपर्यंतच्या घरांना १ जानेवारी २०२२ पासून मालमत्ता कर माफ आहे. जुन्या सोसायट्यांतील वन बीएचके घरे बहुतेक या मर्यादेत बसतात.

म्हणजे मुंबईत नव्याने घर घेऊन निवृत्त होणे आणि आधीपासून असलेल्या घरात निवृत्त होणे, हे दोन पूर्णपणे वेगळे निर्णय आहेत. पहिला बहुतेकांच्या आवाक्याबाहेरचा आहे. दुसऱ्यात खिशातून जाणारा पैसा कमी असला तरी घरात अडकलेला पैसा प्रचंड असतो.

जुन्या इमारतीत अडचण कुठे येते?

जिन्यावर. सांताक्रूझमधील अनेक जुन्या इमारतींना लिफ्ट नाही. पन्नाशीत तिसरा मजला हवेशीर वाटतो, पण सत्तरीत गुडघ्याची शस्त्रक्रिया झाली की तोच माणूस घरात अडकतो. मग तळमजला घ्यावा का? तर इथे पावसाचा प्रश्न येतो. २६ जुलै २००५ रोजी २४ तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस मोजला गेला तो हवामान खात्याच्या सांताक्रूझ वेधशाळेतच. मिलन सबवेचे नाव दर पावसाळ्यात बातम्यांत येते ते उगाच नाही. सखल भागातील तळमजल्यावर राहणाऱ्या ज्येष्ठांना जून ते सप्टेंबर सामान उंचावर ठेवूनच काढावे लागतात.

समुद्राच्या खाऱ्या आणि दमट हवेचा परिणाम वेगळाच. स्लॅबमधील सळ्या गंजतात, फुगतात आणि प्लॅस्टरचे पोपडे पडतात. ३० वर्षांहून जुन्या इमारतींना संरचनात्मक तपासणी बंधनकारक आहे. त्यात मोठी दुरुस्ती निघाली की प्रत्येक सदनिकाधारकाच्या वाट्याला काही लाखांचा भार येऊ शकतो. निवृत्तीचे गणित मांडताना ही रक्कम बहुतेक जण धरतच नाहीत.

पुनर्विकासाची वाट पाहावी का?

सांताक्रूझपुरते बोलायचे तर हा सर्वांत अवघड प्रश्न आहे. विमानतळ शेजारीच असल्याने सांताक्रूझ, विलेपार्ले, कुर्ला आणि घाटकोपरच्या काही भागांत इमारतीच्या उंचीवर मर्यादा आहेत. विमाने उतरण्या-उडण्याच्या मार्गाखालच्या या पट्ट्याला ‘फनेल झोन’ म्हणतात. उंची मिळत नाही म्हणजे विक्रीसाठी जादा मजले मिळत नाहीत, आणि ते मिळाले नाहीत तर विकासकाला प्रकल्प परवडत नाही. त्यामुळे एकाच उपनगरात एका सोसायटीला मोठे वाढीव क्षेत्र मिळते, तर अर्ध्या किलोमीटरवरच्या सोसायटीकडे कोणी फिरकतही नाही. आपली इमारत नेमकी कुठे येते आणि तिला किती उंचीची परवानगी मिळू शकते, हे सोसायटीने वास्तुविशारदाकडून तपासून घेतल्याशिवाय ‘पाच वर्षांत टॉवर होईल’ या आशेवर निवृत्तीचे नियोजन करणे धोक्याचे आहे.

समजा, पुनर्विकास मार्गी लागला. सहकार खात्याच्या २०१९ च्या मार्गदर्शक सूचनांनुसार त्यासाठी ५१ टक्के सभासदांची संमती पुरेशी आहे. म्हणजे ७८ वर्षांच्या आजोबांची इच्छा नसली तरी घर सोडून भाड्याच्या जागेत जावे लागू शकते. काम तीन-चार वर्षे चालले, अकरा-अकरा महिन्यांचे करार बदलत राहिले, तर त्या वयात दोन-तीन वेळा घर हलवणे आले. विकासक भाडे देतो, पण ओळखीचा डॉक्टर, औषधवाला आणि शेजार तो देऊ शकत नाही. याच सूचनांमध्ये विकासकाकडून प्रकल्प खर्चाच्या २० टक्के बँक हमी घेण्याची तरतूद आहे. विशेष सर्वसाधारण सभेत ज्येष्ठांनी सर्वाधिक जोर द्यायचा तो या मुद्द्यावर. वाढीव चौरस फुटांची चर्चा त्यानंतरची.

घर नवे झाले की खर्चही नवा होतो. लिफ्ट, पंप, जनरेटर, सुरक्षारक्षक, अग्निशमन यंत्रणा आणि दुमजली पार्किंग या सगळ्यांमुळे देखभाल शुल्क काही पट वाढते. ४५० चौरस फुटांचे घर ६०० चौरस फुटांचे झाले, तर मालमत्ता कराची माफीही जाते. विकासकाकडून मिळणाऱ्या एकरकमी कॉर्पस निधीचा खरा उपयोग या वाढीव मासिक खर्चासाठी असतो. तो मुलाच्या गाडीत किंवा नव्या घराच्या फर्निचरमध्ये गेला, तर पुढची पंधरा वर्षे शुल्क निवृत्तिवेतनातून भरावे लागते.

घर विकले तर हातात किती उरते?

एक उदाहरण पाहू. समजा, एका जोडप्याचे १९८५ मध्ये घेतलेले घर आज दोन कोटींना विकले गेले. १ एप्रिल २००१ पूर्वी घेतलेल्या घराची मूळ किंमत म्हणून त्या दिवशीचे बाजारमूल्य धरता येते, मात्र ते त्या वेळच्या मुद्रांक शुल्क मूल्याहून जास्त धरता येत नाही. समजा, ते २० लाख रुपये आहे.

२३ जुलै २०२४ पूर्वी घेतलेल्या घरांसाठी निवासी भारतीयांना दोन पद्धतींची तुलना करता येते : महागाई निर्देशांकाशिवाय १२.५ टक्के कर, किंवा निर्देशांकासह २० टक्के. २०२५-२६ या वर्षाचा निर्देशांक ३७६ आहे. म्हणजे २० लाखांची मूळ किंमत ७५.२ लाख होते. पहिल्या पद्धतीत नफा १८० लाख आणि कर २२.५ लाख. दुसऱ्या पद्धतीत नफा १२४.८ लाख आणि कर २४.९६ लाख. अधिभार आणि उपकर वेगळे. म्हणजे पहिली पद्धत स्वस्त.

पण याच जोडप्याने पुण्यात एक कोटीचे घर घेतले, तर चित्र उलटते. घराची विक्री झाल्यावर दोन वर्षांच्या आत (किंवा विक्रीआधी एक वर्षात) दुसरे घर घेतल्यास तेवढा नफा करमुक्त होतो. मग पहिल्या पद्धतीत उरलेल्या ८० लाखांवर १० लाख कर, तर दुसऱ्या पद्धतीत २४.८ लाखांवर सुमारे पाच लाख. शेजाऱ्याला जी पद्धत फायद्याची ठरली ती आपल्याला ठरेलच असे नाही. व्यवहाराआधी सनदी लेखापालाकडून दोन्ही आकडे मांडून घेतलेले बरे.

नफा दोन कोटींपर्यंत असेल, तर आयुष्यात एकदा एकाऐवजी दोन घरे घेऊन ही सवलत मिळवता येते. मुलांपैकी एक पुण्यात आणि एक मुंबईत असेल अशा कुटुंबांना हा पर्याय बहुधा ठाऊकच नसतो.

वरील उदाहरणात नवे घर, त्याचे मुद्रांक शुल्क (शहरानुसार साधारण सहा-सात टक्के), दलाली आणि कर वजा जाता ८० लाखांच्या पुढे रक्कम हाती राहते. ज्येष्ठ नागरिक बचत योजनेत प्रत्येकी ३० लाख रुपये गुंतवता येतात आणि सध्याचा दर ८.२ टक्के आहे. पती-पत्नी दोघांचे ६० लाख गुंतवले, तर दर तिमाहीला १ लाख २३ हजार, म्हणजे महिन्याला सरासरी ४१ हजार रुपये व्याज मिळते. व्याज करपात्र आहे आणि मुदत पाच वर्षांची आहे, हे लक्षात ठेवायचे.

घर न विकता त्यातून पैसे मिळतात का?

मिळतात, पण मार्ग अरुंद आहे. राष्ट्रीय गृहनिर्माण बँकेने २००७ मध्ये ‘रिव्हर्स मॉर्गेज’ची चौकट आणली. ६० वर्षांवरील व्यक्ती राहते घर बँकेकडे तारण ठेवते, बँक दरमहा पैसे देते आणि दोघांच्या पश्चात वारस कर्ज फेडून घर सोडवतात किंवा बँक ते विकून उरलेली रक्कम वारसांना देते. ही रक्कम कर्ज असल्याने प्राप्तिकर लागत नाही. तरीही ही योजना आपल्याकडे रुजली नाही. ‘घर मुलांचे’ ही भावना हे एक कारण. पण सांताक्रूझसारख्या ठिकाणी तांत्रिक अडचण अधिक मोठी आहे : बँक इमारतीचे उरलेले आयुष्य आणि जमिनीची कागदपत्रे पाहते. चाळीस वर्षांची इमारत, अभिहस्तांतरण झालेले नाही आणि पुनर्विकासाची चर्चा सुरू, अशा घरावर कर्ज मिळणे कठीणच.

आजारपणाचे काय?

मुंबई सोडू नये असे म्हणणाऱ्यांचा सर्वांत भक्कम मुद्दा हाच आहे. सांताक्रूझ पूर्वेला महापालिकेचे व्ही. एन. देसाई रुग्णालय, जवळच कूपर आणि नानावटी, पुढे वांद्र्यात लीलावती. हृदयविकाराच्या झटक्यात पहिला तास मोलाचा असतो आणि कोकणातील अनेक गावांतून तज्ज्ञ रुग्णालय गाठायलाच तो जातो.

७० वर्षांवरील सर्वांना, उत्पन्न कितीही असले तरी, आयुष्मान भारत योजनेतून वर्षाला पाच लाखांपर्यंतचे संरक्षण ऑक्टोबर २०२४ पासून उपलब्ध आहे. मात्र ते योजनेशी जोडलेल्या रुग्णालयांतच चालते. आपल्या भागातील कोणते रुग्णालय यादीत आहे, हे कार्ड काढतानाच पाहून ठेवावे. खासगी विम्यात आणखी एक बारकावा आहे. अनेक पॉलिसींमध्ये हप्ता शहराच्या गटानुसार ठरतो. गावच्या पत्त्यावर कमी हप्त्याची पॉलिसी घेतली आणि उपचार मुंबईत केले, तर बिलाचा काही टक्के भाग स्वतः भरावा लागू शकतो. स्थलांतरानंतर पत्ता बदलण्यापूर्वी हे कलम वाचायला हवे.

प्रवासाबाबत थोडक्यात. रेल्वेची ज्येष्ठ सवलत मार्च २०२० पासून बंद आहे, बेस्टचे किमान भाडे मे २०२५ मध्ये पाचवरून दहा रुपये झाले. एसटीत ७५ वर्षांवरील प्रवास मोफत आहे, पण त्याचा लाभ गावी राहणाऱ्यालाच अधिक. सांताक्रूझला आता भुयारी मेट्रो ३ चे स्थानक असून त्यातून थेट कफ परेडपर्यंत जाता येते. लोकलच्या गर्दीला घाबरून दक्षिण मुंबईतील नातेवाईकांकडे जाणे सोडलेल्यांसाठी हा मोठा बदल आहे.

घर मुलांच्या नावे करावे का?

घाई नको. रक्ताच्या नात्यात बक्षीसपत्राचे मुद्रांक शुल्क महाराष्ट्रात नाममात्र असल्याने हा पर्याय सोपा वाटतो. पण बक्षीसपत्र झाले की मालकी जाते आणि वरचे सगळे पर्यायही जातात. करायचेच असेल, तर ‘आई-वडिलांचा सांभाळ करण्याच्या अटीवर’ हा उल्लेख दस्तात स्पष्ट असावा. ज्येष्ठ नागरिक कायदा, २००७ च्या कलम २३ नुसार ही अट मोडल्यास हस्तांतरण रद्द करून घेता येते. सर्वोच्च न्यायालयानेही जानेवारी २०२५ मधील एका निकालात हे कलम ज्येष्ठांच्या हिताच्या दृष्टीने उदारपणे वाचावे, असे स्पष्ट केले. अन्यथा मृत्युपत्र आहेच. ते कितीही वेळा बदलता येते.

मधला मार्ग कोणता?

पुण्यात ‘अथश्री’सारखे खास ज्येष्ठांसाठीचे गृहप्रकल्प बरीच वर्षे चालू आहेत आणि तेथे मुंबईहून गेलेली मंडळीही आहेत. महारेराने २०२४ मध्ये अशा प्रकल्पांसाठी लिफ्ट, रॅम्प, रुंद दरवाजे, पकडायला कठडे यांचे निकष ठरवून दिले. घर पाहायला जाताना क्लब हाऊसपेक्षा हे आधी पाहावे.

विकण्याआधी जाऊन राहून पाहणे मात्र सर्वांनाच शक्य आहे. सांताक्रूझचे घर अकरा महिन्यांसाठी नोंदणीकृत लिव्ह अँड लायसन्स करारावर द्यायचे आणि त्या भाड्यात पुण्यात किंवा नाशिकमध्ये भाड्याने राहायचे. मुंबईत घरभाड्याचा वार्षिक परतावा घराच्या किमतीच्या साधारण दोन ते चार टक्के असतो, म्हणजे गुंतवणूक म्हणून तो फारसा आकर्षक नाही, पण एका वर्षाच्या प्रयोगाचा खर्च त्यातून निघतो. सोसायटी यासाठी बिनभोगवटा शुल्क लावते, पण ते सेवा शुल्काच्या १० टक्क्यांहून अधिक लावता येत नाही. करार पावसाळ्याआधी सुरू होईल असा ठेवला, तर नव्या गावचे चारही महिने पाहून होतात. पोलीस ठाण्यात भाडेकरूची माहिती द्यायला विसरू नये.