तोफखान्याचा डोळा

तोफ डागणारास शत्रु बहुधा दिसतच नाहीं. तो दिसतो पुढें टेकडीवर दुर्बीण घेऊन बसलेल्या निरीक्षकास. ही विद्या नाशिकजवळच्या देवळालीच्या तोफखाना विद्यालयांत शिकवितात.

नव्या तुकडीनायकानें हाताखालच्या जवानांस प्रथम हें बजावावें, कीं येथें 'जवळपास' हा शब्द चालत नाहीं. वर्तुळाचे ६४०० भाग करून प्रत्येकास 'मिल' म्हणतात. १००० मीटरवर एक मिल म्हणजे सुमारें एक मीटर. पहिला गोळा लक्ष्यापलीकडे पडला, तर दुसरा अलीकडे पाडवावा आणि मधलें अंतर निम्म्यानिम्म्यानें तोडीत जावें.

१९९९ सालीं कारगिलच्या कड्यांवर आपलें पायदळ चढत असतां त्याच्या पुढेंच तोफांचा मारा करावा लागला. अशा वेळीं एक चुकीचा आंकडा आपल्याच मुलांच्या जिवावर बेततो.

म्हणून चुकलेल्या शिकाऊ जवानावर नायकानें डाफरूं नये. भ्यालेला जवान दिसलें तें न सांगतां वरिष्ठास रुचेल तें सांगूं लागतो. "मला दिसलें नाहीं" असें निर्भयपणें म्हणण्याची संवय त्यास लावणें, हेंच नायकाचें खरें अध्यापन होय.