स्त्री-अभ्यासाचे पदव्युत्तर शिक्षण
स्त्री-अभ्यास ही भारतात चळवळीतून विद्यापीठात आलेली ज्ञानशाखा आहे. १९७४ मध्ये ‘टुवर्ड्स इक्वॅलिटी’ हा सरकारी समितीचा अहवाल तयार झाला. स्वातंत्र्यानंतरही स्त्रियांचा रोजगार, आरोग्य आणि राजकीय सहभाग किती मागे राहिला, हे त्याने आकडेवारीनिशी दाखवले. त्याच वर्षी मुंबईच्या एसएनडीटी महिला विद्यापीठात नीरा देसाई यांच्या पुढाकाराने स्त्री-अभ्यासाचे संशोधन केंद्र सुरू झाले. १९८१ मध्ये पहिली राष्ट्रीय परिषदही तिथेच भरली. पुणे विद्यापीठाचे केंद्र १९८७ चे.

पदव्युत्तर अभ्यासात समाजशास्त्र, इतिहास, अर्थशास्त्र, कायदा आणि साहित्य एकत्र येतात. घरातले विनामोबदला श्रम अर्थशास्त्राच्या हिशेबात का धरले जात नाहीत, असे प्रश्न इथे मध्यवर्ती ठरतात. उदारमतवादी, मार्क्सवादी आणि जहाल स्त्रीवाद यांची मांडणी वेगवेगळी आहे. विद्यार्थ्यांना या मांडण्या परस्परांशी ताडून पाहाव्या लागतात.

महाराष्ट्राने या अभ्यासात जातीचा प्रश्न ठळकपणे आणला. इथल्या स्त्रीवादी लेखनाची परंपरा जुनी आहे; ताराबाई शिंदे यांचे ‘स्त्री-पुरुष तुलना’ हे पुस्तक १८८२ चे. ऊर्मिला पवार आणि मीनाक्षी मून यांनी ‘आम्हीही इतिहास घडवला’मध्ये आंबेडकरी चळवळीतील स्त्रियांचे अनुभव नोंदवले. शर्मिला रेगे यांनी दलित स्त्रियांच्या आत्मकथनांना सिद्धान्ताचा दर्जा मिळवून दिला. त्यामुळे मुलाखत, मौखिक इतिहास आणि आत्मकथन ही इथली संशोधनाची महत्त्वाची साधने आहेत. पदवीनंतर विद्यार्थी अध्यापन, संशोधन, पत्रकारिता, समुपदेशन किंवा स्वयंसेवी संस्थांकडे वळतात.