‘टेन्शन’ या एका शब्दाने भागत नाही

जूनमध्ये शाळा सुरू झाल्या, की ओपीडीत सर्दी-तापाच्या खालोखाल एक तक्रार वाढते. मूल आठ-दहा वर्षांचं, दुखणं बेंबीभोवती, वेळ सकाळची. रविवारी दुखत नाही, मे महिन्यात तर अजिबात दुखलं नव्हतं. वजन ठीक, भूक ठीक, तपासताना पोट मऊ लागतं. सोनोग्राफी बहुतेक वेळा आधीच झालेली असते. ‘रिपोर्टमध्ये काही नाही, म्हणजे नाटक करतो ना डॉक्टर?’ हा आईचा प्रश्न मी गेली कित्येक वर्षं ऐकतो आहे.

नाटक नसतं. आतड्यांच्या भिंतीत मज्जापेशींचं स्वतंत्र जाळं असतं आणि त्याचा मेंदूशी दोन्ही बाजूंनी संवाद चालू असतो. भीती वाटली की आतड्यांची हालचाल बदलते, एरवी न जाणवणारा ताण दुखू लागतो. दुखणं खरंच असतं, फक्त त्याचं मूळ पोटात नसतं. अर्थात वजन घटणं, रात्री झोपेतून उठवणारी वेदना, शौचातून रक्त, वारंवार उलट्या किंवा ताप यांपैकी काहीही असेल, तर ‘शाळेचं टेन्शन’ म्हणून सोडून देऊ नये. पूर्ण तपासणी हवीच.

या मुलाला विचारलं, ‘शाळेत काय होतं?’, तर उत्तर येतं, ‘टेन्शन येतं.’ वागळे इस्टेटमध्ये नोकरी करणारा, छातीत धडधड होते म्हणून ईसीजी काढायला आलेला तिशीतला तरुणही हाच शब्द वापरतो. त्याची आईही. आपल्या भाषेत खरं तर या बाबतीत कंजुषी नाही. हिरमोड, रुसवा, चीड, वैताग, धास्ती, हुरहुर, ओशाळणं, खट्टू होणं, कानकोंडं होणं. प्रत्येक शब्दाची जागा वेगळी. बाकावर शेजारी कोणी बसत नाही म्हणून खट्टू झालेलं मूल आणि मोठ्याने वाचताना अडखळल्यावर वर्ग हसेल या धास्तीत असलेलं मूल, दोघांचा उपाय एक कसा असेल? पण दोघंही ‘टेन्शन’ म्हणतात आणि आपण दोघांनाही ‘टेन्शन घेऊ नकोस’ म्हणतो.

नाव देण्याने नेमकं काय होतं, यावर मेंदूविज्ञानात काम झालं आहे. कॅलिफोर्नियातील मॅथ्यू लिबरमन आणि सहकाऱ्यांनी २००७ मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात लोकांना रागावलेले, घाबरलेले चेहरे दाखवून मेंदूचं स्कॅनिंग केलं. चेहऱ्यावरच्या भावनेला योग्य शब्द निवडताना धोक्याची घंटा वाजवणाऱ्या अमिग्डला या भागाची सक्रियता कमी झाली आणि कपाळामागच्या, विचार करणाऱ्या भागाची वाढली. तोच चेहरा पाहून नुसतं स्त्री की पुरुष हे ओळखताना असं झालं नाही. हा प्रयोगशाळेतला निष्कर्ष आहे, त्यातून जादूची अपेक्षा करू नये. पण ‘काय होतंय ते नीट सांग’ या साध्या वाक्याला शरीरशास्त्राचा आधार आहे, एवढं नक्की.

स्वतःची भावना ओळखणं, ती आवरणं, समोरच्याची समजून घेणं, नातं टिकवणं आणि या सगळ्याचा विचार करून निर्णय घेणं. शिक्षणशास्त्रात याला सामाजिक-भावनिक शिक्षण म्हणतात. नाव परदेशी वाटलं, तरी आपल्या ठाण्याला हा विषय नवा नाही. डॉ. आनंद नाडकर्णी यांनी १९९० मध्ये इथे ‘इन्स्टिट्यूट फॉर सायकॉलॉजिकल हेल्थ’ म्हणजे आयपीएच सुरू केली. मानसिक आरोग्य ही फक्त आजाऱ्यांची गोष्ट नाही, असं संस्था तेव्हापासून सांगत आली आहे. त्यांच्या ‘वेध’ परिषदांना आज कॉलेजात गेलेली, नोकरीला लागलेली कितीतरी मुलं शाळेत असताना बसलेली आहेत.

नाडकर्णींच्या कामाचा एक मोठा आधार म्हणजे अल्बर्ट एलिस यांची विवेकनिष्ठ उपचारपद्धती. १९५० च्या दशकात एलिस यांनी मांडलं, की घटना आपल्याला थेट अस्वस्थ करत नाही; घटनेबद्दल आपण मनाशी धरलेला हट्ट करतो. मराठीत हे शिकवणं सोपं आहे, कारण हट्टासाठी आपल्याकडे एका अक्षराचा प्रत्यय आहे. ‘मला नव्वद टक्के मिळावेत’ ही इच्छा झाली. ‘मिळालेच पाहिजेत’ म्हटलं, की त्या ‘च’बरोबर झोप जाते. एलिस यांनी १९७१ मध्ये न्यूयॉर्कमध्ये ‘लिव्हिंग स्कूल’ नावाची छोटी शाळाही काढली होती, हे फारसं कोणाला माहीत नसतं. उपचाराच्या खोलीतलं तंत्र वर्गात रोजच्या अभ्यासाबरोबर शिकवता येईल का, हे त्यांना पाहायचं होतं.

राज्यातही प्रयत्न झाले. शांतिलाल मुथा यांच्या पुढाकाराने २००९ मध्ये बीड जिल्ह्यातल्या ५०० शाळांत ‘मूल्यवर्धन’ सुरू झालं आणि पुढे शासनाच्या साथीने राज्यभर गेलं. त्यात पाठांतराऐवजी जोडीत, गटात बसून बोलणं आणि वर्गाचे नियम मुलांनीच ठरवणं यावर भर होता. २०२४ मध्ये शासनाने पहिली ते आठवीसाठी ‘आनंददायी शनिवार’ आणला.

यांचा उपयोग होतो का? २०११ मध्ये जोसेफ डरलॅक आणि सहकाऱ्यांनी अशा २१३ उपक्रमांचा आढावा घेतला. त्यांत २ लाख ७० हजार विद्यार्थी होते, बहुतेक अमेरिकेतले. वागणूक सुधारलीच, पण अभ्यासातही साधारण ११ शतमकांची वाढ दिसली. म्हणजे शंभर मुलांत पन्नासावं असणारं मूल एकोणचाळिसाव्या क्रमांकाच्या आसपास. पालकसभेत हा आकडा सांगितला, की मागच्या बाकावरचे वडीलही मोबाइल खाली ठेवतात!

पण दुसरी बाजूही आहे. २०२२ मध्ये ब्रिटनमधल्या ८४ शाळांतल्या आठ हजारांहून अधिक मुलांवर झालेल्या मोठ्या चाचणीत, शिक्षकांनी वर्गात शिकवलेल्या सजगता-ध्यानाचा नेहमीच्या शिकवण्यापेक्षा अधिक फायदा आढळला नाही. मुलं घरी सराव करतच नव्हती. आपल्याला त्याहून महत्त्वाची वाटावी अशी चाचणी गोव्यातल्या ‘संगाथ’ संस्थेने बिहारच्या नालंदा जिल्ह्यात केली. ७४ शाळा होत्या. काही शाळांत उपक्रम शिक्षकांनी राबवला, तर काहींत त्याच कामासाठी नेमलेल्या, थोडं प्रशिक्षण दिलेल्या स्थानिक व्यक्तीने. त्यांना ‘मित्र’ म्हणत. कार्यक्रम तोच होता: प्रार्थनेच्या वेळी चर्चा, भित्तिपत्रक, तक्रारपेटी, हवं त्याला एकट्याने बोलायला वेळ. ‘मित्र’ असलेल्या शाळांत दादागिरी आणि नैराश्याची लक्षणं कमी झाली, शाळेचं वातावरण सुधारलं. शिक्षकांनी राबवलेल्या शाळांत फरक पडला नाही. २०१८ मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये हे निष्कर्ष आले.

यात शिक्षकांना दोष देण्यासारखं काही नाही. ज्याच्या हातात गुण आहेत, हजेरी आहे, निवडणुकीची यादी आहे आणि समोर साठ मुलं आहेत, त्याच्यापाशी जाऊन ‘सर, मला वर्गातली मुलं चिडवतात’ असं कोण सांगणार? आणि सांगितलं, तरी ऐकायला त्याला वेळ कुठे? माझं मत असं, की महापालिकेच्या दर चार-पाच शाळांमागे अशी एक पगारी, प्रशिक्षित व्यक्ती नेमणं हे नवी कार्यपुस्तिका छापण्यापेक्षा जास्त कामाचं ठरेल. त्या व्यक्तीने गुण देऊ नयेत, एवढी मात्र अट हवी.

नोकरीच्या जागी गोष्ट जरा अवघड होते. समाजशास्त्रज्ञ आर्ली हॉक्शील्ड यांनी १९८३ मध्ये विमानातल्या कर्मचाऱ्यांचा अभ्यास करून ‘भावनिक श्रम’ ही कल्पना मांडली. हसणं हाच कामाचा भाग असतो आणि त्याचा थकवा पगारपत्रकात दिसत नाही. आज कॉल सेंटरमधली मुलगी, डिलिव्हरीचा मुलगा आणि केसपेपर काढणारा आमचा कारकून, सगळे हे श्रम करतात. डॉक्टरही. २०१९ पासून एमबीबीएसच्या अभ्यासक्रमात वृत्ती, नीती आणि संवाद हा भाग रीतसर आला आहे. आमच्या वेळी वाईट बातमी कशी सांगायची, हे वॉर्डात सीनियरच्या मागे उभं राहून जमेल तसं शिकायचो.

मात्र कंपन्या जेव्हा ‘भावनिक बुद्धिमत्ता’ या विषयावर दोन तासांची कार्यशाळा घेतात, तेव्हा मला थोडी शंका येते. ब्रिटिश सरकारी नोकरांवरच्या प्रसिद्ध व्हाइटहॉल अभ्यासात ज्यांना स्वतःच्या कामावर कमी नियंत्रण होतं, त्यांना हृदयविकाराचा धोका जास्त आढळला. बारा तासांची ड्युटी, रात्री अकराला आलेला साहेबांचा मेसेज आणि नाकारलेली रजा यांवर दीर्घश्वसन हा उपाय नाही. अशा वेळी भावनिक शहाणपण शिकवायचंच असेल, तर ते आधी साहेबांना शिकवावं.

आपल्याकडे आणखी एक तिसरी जागा आहे, घर आणि ऑफिसच्या मधली. कल्याण ते सीएसएमटी साधारण ५४ किलोमीटर. चौथ्या सीटवर टेकायचं की उभं राहायचं, डाउन बसून आलेल्याला काय म्हणायचं, खिडकीशी रडणाऱ्या अनोळखी बाईकडे पाहायचं की नाही, हे सगळं तिथे रोज ठरतं. भांडणं होतात, कधी हातघाईवर येतात. पण त्याच डब्यात वाढदिवसाचा केक कापला जातो, दसऱ्याला डबा सजतो, भजनी मंडळ टाळ वाजवतं आणि पाच दिवस न दिसलेल्या मैत्रिणीच्या घरी फोन जातो. नवरा गेल्यानंतर ‘सातबाराच्या ग्रुपने सावरलं’ असं सांगणाऱ्या माझ्या काही पेशंट आहेत.

त्याच प्रवासातून रात्री साडेआठला घरी पोचलेल्या आईबाबांकडून मुलाशी ‘क्वालिटी टाइम’ची अपेक्षा करणं मला पटत नाही. दहा मिनिटं पुरतात. त्यात ‘अभ्यास झाला का?’ नको. ‘आज कशाचा राग आला?’ किंवा ‘आज कुठे हिरमोड झाला?’ विचारा आणि आधी स्वतःचं सांगा: साहेब बोलले, वाईट वाटलं, मग चहा घेतला. लगेच उपाय सुचवू नका. मूल चार दिवस ‘काही नाही’ म्हणेल, पाचव्या दिवशी बोलेल.

दोन आठवड्यांहून अधिक काळ झोप, भूक किंवा खेळणं कमी झालं असेल, शाळेला जाणं बंद झालं असेल, किंवा मुलाच्या तोंडी मरणाची भाषा येत असेल, तर मात्र थांबू नका. सरकारच्या ‘टेलि मानस’चा क्रमांक १४४१६ आहे. तो मोफत आहे, चोवीस तास चालतो आणि पलीकडे मराठीत बोलता येतं. फोन पालकांनी केला तरी चालतो.