आकाशाचे छायाचित्रण : भाग ७ – टोपण लावून काढलेले फोटो

मागच्या आठवड्यात देवयानी दीर्घिकेची पाच-पाच मिनिटांची एक्सपोजर घेतली. त्यातली एक फ्रेम संगणकावर उघडा आणि काळ्या भागाची चमक ताणून पाहा. लाल, निळे, हिरवे ठिपके उमटतील. ते तारे नव्हेत. ताऱ्याची कड विरत जाते, हा ठिपका मात्र टाचणीने टोचल्यासारखा असतो. हे हॉट पिक्सेल.

सिलिकॉनमधले इलेक्ट्रॉन प्रकाशाने सुटतात, तसे उष्णतेनेही सुटतात. सेन्सर दोन्ही सारखेच मोजतो. उष्णतेच्या या वाट्याला डार्क करंट म्हणतात. तापमान साधारण ६ अंशांनी वाढलं की तो दुप्पट होतो. म्हणजे ३० अंशांवरचा सेन्सर शून्यावर आणला, की जेमतेम बत्तिसावा हिस्सा उरतो. हबल दुर्बिणीच्या वाइड फील्ड कॅमेरा ३ मध्ये दृश्य प्रकाशाचे सेन्सर उणे ८३ अंशांवर ठेवतात. गंमत म्हणजे, तेच सेन्सर दर महिन्याला मुद्दाम गरम करतात; अंतराळातल्या किरणांनी बिघडलेले बरेच पिक्सेल त्याने सुधारतात.

डार्क फ्रेम म्हणजे तेवढंच एक्सपोजर, तोच गेन, तेच तापमान, फक्त पुढे टोपण. अशा वीस-तीस फ्रेमची सरासरी काढून मास्टर डार्क तयार करायचा आणि मूळ फोटोतून वजा करायचा. हॉट पिक्सेल आणि कोपऱ्यातली झळाळी जाते, कारण ती दर वेळी त्याच जागी असते. उष्णतेचा विस्कळीत गोंगाट मात्र वजाबाकीने जात नाही. तो कमी करायला सेन्सर थंडच ठेवावा लागतो. एकच डार्क वापरलात तर त्याचा गोंगाट फोटोत आणखी भर घालतो.

कूल्ड कॅमेऱ्याचा पेल्टिअर कुलर हवेपेक्षा साधारण ३५ अंश खाली जाऊ शकतो. म्हणून मे महिन्यात वांगणीला लोक हौसेने उणे दहा लावतात, कुलर शंभर टक्क्यांना चिकटतो आणि तापमान हलत राहतं. मग कुठला डार्क जुळणार? माझ्या मते आपल्याकडे बारा महिने शून्यच लावावं. शहराजवळच्या उजळ आकाशाचा गोंगाट इतका असतो, की शून्याखालच्या दहा अंशांचा फायदा फोटोत दिसतही नाही. शिवाय एकच तापमान ठरलं की डार्क पावसाळ्यात घरी बसून काढता येतात. प्लॅस्टिकच्या टोपणातून अवरक्त किरण झिरपू शकतात, म्हणून वरून अ‍ॅल्युमिनियम फॉइल गुंडाळा.

डीएसएलआरवाल्यांचं दुखणं वेगळं. त्यात तापमान ठरवता येत नाही आणि सलग फोटो काढताना सेन्सर तापत जातो. त्यांनी डार्कच्या फंदात न पडता डिदरिंग करावं. दोन फोटोंच्या मध्ये दुर्बीण काही पिक्सेल सरकवली, की ताऱ्यांवर फ्रेम जुळवताना हॉट पिक्सेल दर वेळी वेगळ्या जागी पडतात आणि स्टॅकिंगमध्ये गाळले जातात. मेनूतलं लाँग एक्सपोजर नॉइज रिडक्शन मात्र आठवणीने बंद करा. ते चालू असलं तर प्रत्येक फोटोनंतर कॅमेरा तेवढाच वेळ स्वतःचा डार्क घेत बसतो आणि निम्मी रात्र त्यातच जाते.